‘लास्ट स्टेज’ : एका वैद्यकीय शब्दाचा इतिहास

मराठी घरात कर्करोगाची वार्ता आली की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : कितवी स्टेज? रोग कोणत्या अवयवाचा, उपचार कोणते, ही विचारपूस नंतरची. उत्तर ‘फर्स्ट’ असे आले तर ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. ‘लास्ट’ असे आले तर आवाज आपोआप खाली येतो, आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो माणूस शेजारच्या खोलीत जागा असतानाही त्याच्याविषयीची क्रियापदे भूतकाळाकडे झुकू लागतात. ‘टप्पा’ आणि ‘अवस्था’ हे प्रतिशब्द परिभाषाकोशांत सुखाने नांदत आहेत, पण व्यवहारात त्यांना कोणी विचारत नाही. ‘टाटाला दाखवलं, थर्ड स्टेज सांगितली’ हे वाक्य कोकणापासून विदर्भापर्यंत कोणालाही उलगडून सांगावे लागत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांनी या शब्दाच्या वाटेला का जावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. एखादा शब्द कोणी घडवला, कोणासाठी घडवला आणि कोणत्या वादात घडवला हे विचारण्याची सवय आपल्याला आहे, आणि या शब्दाच्या बाबतीत ते विचारणे विशेष अगत्याचे आहे असे आम्हांला वाटते. कारण ‘स्टेज’ ही संज्ञा रुग्णाला त्याचे भविष्य सांगण्यासाठी निर्माण झाली नव्हती. डॉक्टरांनी एकमेकांचे दावे तपासण्यासाठी ती घडवली. त्या संभाषणात रुग्ण श्रोताही नव्हता.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. इंग्रजीत ‘स्टेज’ आला जुन्या फ्रेंचमधून. तेथे त्याचा एक अर्थ इमारतीचा मजला असा होता, आणि मुळाशी ‘उभे राहणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. आपल्या ‘अवस्था’ शब्दातील ‘स्था’ हा त्याच धातूचा भाऊबंद. म्हणजे दोन्ही शब्द मुळात ‘कोठे उभा आहे’ एवढेच सांगतात. कानाला मात्र त्यातून जिना ऐकू येतो : एक, दोन, तीन, चार, आणि पुढे काही नाही. (रोगाचे टप्पे मोजण्याची कल्पना आपल्याकडेही जुनी आहे, सुश्रुतसंहितेतील संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती आणि भेद हे सहा क्रियाकाल प्रसिद्धच आहेत. परंतु ते दोषांच्या गतीचे टप्पे आहेत, गाठीच्या मापाचे नव्हेत. ‘हे आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणण्याचा मोह येथे आवरलेला बरा.)

कर्करोग एका जागी सुरू होतो आणि मग पसरतो, हे आज इतके सरावाचे झाले आहे की तो कधी काळी वादाचा विषय होता हे ध्यानात येत नाही. शतकानुशतके तो साऱ्या शरीरातील दूषित द्रव्याचा प्रकार मानला जात होता. मग गाठ कापून काय साधणार? अठराव्या शतकाच्या मध्यास आंरी फ्रांस्वा ल द्रां या फ्रेंच शल्यचिकित्सकाने रोग आरंभी स्थानिक असतो आणि लसीकामार्गाने ग्रंथींत उतरतो असे मांडले. १८२९ साली पॅरिसच्याच रेकामिए याने या दूरच्या पसरण्याला ‘मेटास्टॅसिस’ असे नाव दिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेडने या विचाराला शस्त्राची धार दिली. रोग केंद्रापासून बाहेर पायरीपायरीने सरकतो : आधी स्तन, मग काखेतील ग्रंथी, मग त्यापलीकडे. तेव्हा त्याच्यापुढे एक पाऊल जाऊन छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथींसह सारे एकसंध कापून काढले तर तो गाठता येईल, असा त्याचा हिशेब होता. १८९४ मध्ये त्याने आपल्या पन्नास रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि पुढची सत्तरेक वर्षे ही शस्त्रक्रिया जगभर चालत राहिली. टप्प्यांची कल्पना या जिन्यावर उभी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी श्टाइन्टाल या जर्मन शल्यचिकित्सकाने स्तनाच्या कर्करोगाचे तीन गट पाडले ते याच दृष्टीने : कोणावर शस्त्रक्रिया करण्यात अर्थ आहे आणि कोणावर नाही.

परंतु आज आपण ज्या आकड्यांनी बोलतो त्यांचे खरे जन्मस्थान स्तनाच्या कर्करोगात नसून गर्भाशयमुखाच्या कर्करोगात आहे, आणि ती कथा अधिक रंजक आहे. १८९८ हे साल ध्यानात ठेवावे. त्या वर्षी नोव्हेंबरात व्हिएन्नाच्या एर्न्स्ट वेर्टहाइमने गर्भाशय आणि भोवतालच्या ऊती काढून टाकण्याची आपली मोठी शस्त्रक्रिया प्रथम केली; आणि त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसमध्ये क्युरी दांपत्याने रेडियमचा शोध जाहीर केला. एकाच रोगावरचे दोन प्रतिस्पर्धी उपाय महिन्याभराच्या अंतराने जन्माला आले. पुढील पंचवीस-तीस वर्षे शस्त्रवाले आणि रेडियमवाले यांच्यात जुंपलेली राहिली. प्रत्येकाच्या हाती आकडे होते, आणि ते आकडे एकमेकांशी बोलायला तयार नव्हते.

कारण साधे होते. शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेला ‘योग्य’ अशा स्त्रिया निवडीत. ज्यांचा रोग ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत गेला आहे त्यांना ते हात लावत नसत. त्या स्त्रिया रेडियमकडे जात. मग शल्यचिकित्सक म्हणे, माझ्या इतक्या रुग्ण पाच वर्षांनी जिवंत आहेत, तुमच्या पाहा. रेडियमवाला म्हणे, तुम्ही सोडून दिलेल्या माझ्याकडे आल्या. दोघेही खरे बोलत होते. आपल्या विद्यापीठीय भाषेत सांगायचे तर एका महाविद्यालयाने गुणवत्ता यादीतले विद्यार्थी घ्यायचे, दुसऱ्याने उरलेले, आणि मग निकालाच्या टक्केवारीवरून अध्यापनाची तुलना करायची, असा हा प्रकार होता.

तोडगा निघाला राष्ट्रसंघात. पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेली जिनिव्हातील ही संस्था निःशस्त्रीकरणात अपयशी ठरली म्हणून इतिहासात बदनाम आहे. तिच्या आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या आकड्यांत तह घडवून आणला, हे फारसे कोणी सांगत नाही. स्टॉकहोम, पॅरिस आणि म्युनिक येथील केंद्रांचे किरणोपचाराचे निकाल एकत्र तपासायचे ठरले, आणि तपासायला बसताच लक्षात आले की ‘पुढे गेलेला रोग’ म्हणजे काय याचीच व्याख्या प्रत्येकाची वेगळी आहे. १९२९ मध्ये चार टप्प्यांचे वर्गीकरण प्रसिद्ध झाले. आज त्याचे जे रूप आहे त्यात रोग गर्भाशयमुखापुरता असेल तर पहिला टप्पा. त्याबाहेर, पण ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत किंवा योनिमार्गाच्या खालच्या भागापर्यंत न पोचलेला असेल तर दुसरा. तेथवर पोचला असेल तर तिसरा. आणि मूत्राशयात, गुदाशयात वा ओटीपोटाच्या पलीकडे गेला असेल तर चौथा. तपशील अनेकदा बदलले, चौकट टिकली. १९३७ पासून निरनिराळ्या देशांतील केंद्रांचे निकाल एकाच नमुन्यातील वार्षिक वृत्तान्तात येऊ लागले. या कामामागे स्टॉकहोमच्या रेडियम केंद्रातील जेम्स हेमन यांची चिकाटी मोठी होती. शब्दांवर एकमत होईना तेव्हा चित्रांचा आधार घेतला गेला : १९३८ साली चारही टप्प्यांचा एक सचित्र संग्रहच काढण्यात आला. परिभाषेच्या इतिहासात रस असणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

या वर्गीकरणाचा सर्वांत मोठा गुण होता त्याचे दारिद्र्य. त्याला डॉक्टरांची बोटे पुरत. जे उपकरण स्टॉकहोममध्ये आहे पण अन्यत्र नाही त्यावर टप्पा अवलंबून ठेवला तर पुन्हा तुलना अशक्य. म्हणूनच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा टप्पा मुख्यतः हाताच्या तपासणीवर ठरवायचा हा दंडक अनेक दशके चालला. एमआरआयसारख्या प्रतिमांना आणि विकृतिशास्त्राच्या निष्कर्षांना तेथे औपचारिक प्रवेश मिळाला तो २०१८ मध्ये. दुसराही एक नियम पाळला जाई आणि आजही पाळला जातो : शंका असेल तर खालचा टप्पा द्यावा. वरचा टप्पा देण्यात डॉक्टरांचा लाभ असतो हे त्यांनी स्वतःच ओळखले होते. रुग्ण ‘अधिक गंभीर’ नोंदवला की निकाल अधिक उजळ दिसतो.

याच सुमारास लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात कथबर्ट ड्यूक्स गुदाशयाच्या कर्करोगाचे ए, बी, सी असे वर्ग पाडत होते (१९३२). भिंतीच्या आत, भिंतीबाहेर, ग्रंथींत, इतके साधे. मात्र त्यांचा आधार कापून काढलेला अवयव होता. म्हणजे एक टप्पा उपचारापूर्वी बोटांनी ठरणारा आणि दुसरा उपचारानंतर सूक्ष्मदर्शकाखाली ठरणारा. दोन्हींना एकच नाव मिळाल्याने पुढे बराच घोळ झाला.

घोळ आवरण्याचे काम फ्रान्समध्ये सुरू झाले. पिएर दनुआ हे पुढे पॅरिसलगतच्या विलजुईफ येथील ग्युस्ताव रूसी संस्थेचे संचालक झाले. १९४३ ते १९५२ या काळात त्यांनी एक निराळी रीत घडवली. आरंभीचे वर्ष लक्षात घेण्यासारखे आहे. देश जर्मन ताब्यात असताना हे टिपणकाम चालू होते. दनुआंची रीत म्हणजे तीन अक्षरे. टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे लसीका ग्रंथी, एम म्हणजे दूरचे पसरणे. प्रत्येक अक्षरापुढे एक आकडा. स्तनात दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ टी-१, दोन ते पाच टी-२, पाचाहून मोठी टी-३. आकार कितीही असो, छातीच्या भिंतीत किंवा त्वचेत शिरली असेल तर टी-४. काखेतील ग्रंथी हाताला लागतात पण हलतात, तर एन-१. एकमेकींना वा आतल्या ऊतींना चिकटून बसल्या असतील तर एन-२. यकृत, हाडे, फुप्फुसे यांत रोग दिसला तर एम-१, नाही तर एम-०. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाने दनुआंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, १९५८ मध्ये स्तन आणि स्वरयंत्र यांपासून आरंभ केला, आणि १९६८ मध्ये खिशात मावेल असे पहिले पुस्तक निघाले. अमेरिकेत १९५९ पासून वेगळी समिती होती. दोन्हींची पुस्तके एकमेकांशी पुरती जुळण्यास १९८७ साल उजाडावे लागले.

व्याकरणाच्या शिक्षकाला या रीतीत मौज वाटावी. तिला उपसर्ग आहेत. तपासणीवरून ठरवले असेल तर आधी ‘सी’, शस्त्रक्रियेनंतर विकृतिशास्त्रज्ञाने ठरवले असेल तर ‘पी’, आधी औषधोपचार होऊन गेला असेल तर ‘वाय’, रोग पुन्हा उद्भवला असेल तर ‘आर’, शवविच्छेदनात प्रथम कळला असेल तर ‘ए’. ‘वाय-पी-टी-१’ ही छोटीशी आकृती म्हणजे एक पूर्ण वाक्य आहे : उपचार देऊन झाले, मग शस्त्रक्रिया झाली, आणि काढलेल्या भागात गाठ एवढीच उरलेली आढळली. कर्ता, काळ, पुरावा कोणी दिला, सारे त्यात आहे. माहीत नसल्याची कबुली देणारे ‘एक्स’ हे चिन्हही आहे. आम्हांला ते या साऱ्या पद्धतीतील सर्वांत सभ्य चिन्ह वाटते.

आता मुख्य गोष्ट. टी-एन-एम हे वर्णन आहे. टी-१ ते टी-४, एन-० ते एन-३, एम-० आणि एम-१ एवढेच धरले तरी बत्तीस जोड्या होतात. उपविभाग धरले तर कितीतरी अधिक. या बत्तिसांना गटागटांनी बांधून चार पेट्यांत भरले की ‘स्टेज’ मिळते. वर्णन पाहिलेल्या वस्तूचे असते, पेट्या मात्र आकडेशास्त्राने ठरवलेल्या असतात : ज्या जोड्यांतील रुग्णांचे सरासरी आयुष्यमान साधारण सारखे, त्या एका पेटीत. म्हणजे ‘तिसरी स्टेज’ हे रुग्णाच्या शरीराचे वर्णन नसून तो ज्या समूहात मोजला जाईल त्या समूहाचे नाव आहे. केसपेपरवर डॉक्टर बहुधा दोन्ही लिहितात. नातेवाईक वाचतात ते रोमन अंकातले शेवटचे चिन्ह.

पेट्या समूहाच्या आहेत म्हणूनच त्यांत विलक्षण गोष्टी घडतात. वृषणाच्या कर्करोगाला चौथी स्टेजच नाही. तेथे ‘लास्ट’ म्हणजे तिसरी, आणि तिच्यातूनही अनेक जण बरे होतात. थायरॉइडच्या नेहमीच्या प्रकारांत आठव्या आवृत्तीनुसार पंचावन्न वर्षांखालील रुग्णाचा रोग फुप्फुसात गेला तरी स्टेज दुसरीच, कारण अशा रुग्णांचे पुढे बरे चालते. रक्ताच्या कर्करोगाला टी-एन-एम लागूच होत नाही, मोजायला गाठ नसते. तरी आपल्या बोलण्यात ‘ब्लड कॅन्सरची लास्ट स्टेज’ असतेच. (मराठी-हिंदी चित्रपटांचे हे देणे नाकारता येत नाही.) आणि सर्वांत नवलाचे उदाहरण टॉन्सिल व जिभेच्या मुळाच्या त्या कर्करोगाचे, जो एचपीव्ही विषाणूमुळे होतो. लहान गाठ आणि मानेच्या एकाच बाजूच्या अनेक ग्रंथींत प्रसार, अशा रुग्णाची सातव्या आवृत्तीप्रमाणे चौथी स्टेज होती. २०१८ च्या सुमारास व्यवहारात आलेल्या आठव्या आवृत्तीप्रमाणे त्याच रुग्णाची पहिली. शरीरात काही बदलले नाही, पुस्तक बदलले. हा प्रकार उपचारांना उत्तम दाद देतो हे आकडेवारीतून कळले, म्हणून पेटी बदलली.

आकड्यांची ही पेटीबदल कशी फसवते हे १९८५ साली येल विद्यापीठाच्या ॲल्व्हन फाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. त्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे जुने आणि नवे रुग्ण ताडून पाहिले. नव्यांचे निकाल प्रत्येक टप्प्यात सुधारलेले दिसत होते. प्रत्यक्षात नव्या तपासयंत्रांनी पूर्वी न दिसणारे बारीक पसरणे दिसू लागले होते, त्यामुळे पहिल्या टप्प्यातील सर्वांत वाईट रुग्ण वरच्या टप्प्यात गेले. त्यांच्या जाण्याने पहिला टप्पा सुधारला; आणि वरच्या टप्प्यात ते तेथील इतरांहून बरे असल्याने तोही सुधारला. ‘अ’ तुकडीतील शेवटचा विद्यार्थी ‘ब’ तुकडीत घातला की दोन्ही तुकड्यांची सरासरी वाढते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. एकही माणूस एक दिवसही अधिक जगलेला नाही. फाइनस्टाइन यांनी या भ्रमाला विल रॉजर्स या अमेरिकी विनोदकाराचे नाव दिले. ओक्लाहोमाचे लोक कॅलिफोर्नियात गेले आणि दोन्ही राज्यांची सरासरी बुद्धी वाढली, असा एक विनोद त्याच्या नावावर आहे.

जिन्याची प्रतिमाही तोवर हलली होती. पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या चाचणीत हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया आणि त्याहून कमी कापाकापी यांची तुलना झाली. २००२ मध्ये पंचवीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला तेव्हाही मोठ्या शस्त्रक्रियेने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. रोग एकेक पायरी चढत जातोच असे नाही. काहींत तो आरंभीच दूर गेलेला असतो, काहींत वर्षानुवर्षे जात नाही. तरीही टप्पे टिकले, कारण जिना खोटा असला तरी पेट्या उपयोगाच्या होत्या.

सुझन सॉन्टॅग यांनी १९७८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, क्षयाला चाल असते, कर्करोगाला मात्र टप्पे असतात, असे एक निरीक्षण ओघात नोंदवले आहे. रोगाभोवतीची युद्धाची रूपके त्यांनी कठोरपणे तपासली; टप्प्यापाशी मात्र त्या फार थांबल्या नाहीत. त्यांना स्वतःला १९७५ मध्ये स्तनाच्या कर्करोगाची चौथी अवस्था सांगितली गेली होती. त्या वारल्या २००४ च्या डिसेंबरात, निराळ्या, रक्ताच्या कर्करोगाने. एका व्यक्तीच्या उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. आकड्यांवरून एका व्यक्तीविषयीही काही सिद्ध होत नाही, एवढे मात्र त्या बाजूने म्हणता येईल.

आकडे ज्या कामासाठी निर्माण झाले ते काम त्यांनी आपल्याकडे कसे केले, हे पाहायचे तर बार्शीला गेले पाहिजे. जिनिव्हात तह झालेला तोच रोग, गर्भाशयमुखाचा कर्करोग, येथे अनेक दशके स्त्रियांच्या कर्करोगांत अग्रभागी होता. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावांसाठी देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जात, माणसे जमवत, अंगावरून जाणे, अवेळी रक्तस्राव ही लक्षणे उघडपणे बोलत. औषध नाही, यंत्र नाही, केवळ बोलणे. १९९५ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला : पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले होते. स्टॉकहोमच्या डॉक्टरांचे भांडण सोडवण्यासाठी केलेली मोजपट्टी सोलापूर जिल्ह्यातील बाई किती उशिरा दवाखान्यात पोचते हे मोजू लागली. उशीर लाजेचा होता, एसटीच्या वेळापत्रकाचा होता, सुगीच्या दिवसांचा होता. फॉर्मवर त्याला एकच रकाना होता.

पुढे १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. गावांचे ५२ समूह पाडून त्यांत चिठ्ठी टाकावी तसे चार गट केले गेले : एकात एचपीव्ही तपासणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीची व्यवस्था, म्हणजे माहिती देणे आणि तपासणी कोठे होते ते सांगणे. २००९ मध्ये निकाल आला. एचपीव्हीच्या एकदाच तपासणीसाठी नेमलेल्या ३४,१२६ स्त्रियांत दुसऱ्या वा त्यापुढील टप्प्याचे कर्करोग ३९, मृत्यू ३४. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांत ८२ आणि ६४. त्या गटाला तपासणीविना ठेवणे कितपत न्याय्य होते यावर नंतर बराच वाद झाला, आणि तो वाद आम्हांला अप्रस्तुत वाटत नाही. तुलनेसाठी दुसरी बाजू लागते, हे हेमन यांच्या काळापासून ठाऊक होते. ती बाजू भूम-परांड्याच्या वाटेवरील गावांतील बायकांच्या वाट्याला आली, आणि त्यांतील किती जणींना आपण कोणत्या रकान्यात आहोत हे उमगले असेल, ते कोणत्याही तक्त्यात नाही.